रबरी पट्ट्यांचा लोडर आणि आपली ओली जमीन

शेतकऱ्याच्या बांधावर यंत्र येणें ही आतां नवलाई राहिलेली नाहीं. माती उकरणाऱ्या कोणत्याहि यंत्रास आपण सरसकट 'जेसीबी' म्हणतों, आणि लोखंडी साखळीवर चालणाऱ्या मोठ्या धुडास 'पोकलेन'. मग तें कोणत्याहि कारखान्यांत तयार झालेलें असो. या दोहोंच्या जोडीला अलीकडे एक तिसरें यंत्र लोकांच्या बोलण्यांत येऊं लागलें आहे. तें उंचीनें ठेंगणें, रुंदीनें बैलगाडीएवढें, पुढें मोठी बकेट, आणि दोन्ही अंगांस चाकांच्या ऐवजीं रबराचे रुंद पट्टे, असें असतें. अमेरिकेंत घरबांधणीच्या आणि बागबगीचे तयार करण्याच्या कामीं त्याचा फार मोठा प्रसार झालेला आहे. आपल्याकडे तें अद्याप विरळा दिसतें. तथापि मोबाइलच्या पडद्यावर तें पुष्कळांनीं पाहिलें असेल. चिखलांतून तें न रुततां चाललेलें पाहून कित्येकांचा असा ग्रह होतो कीं, या यंत्राचें जमिनीस ओझेंच होत नाहीं, सबब ओल्या शेतांतहि तें खुशाल घालावें. आमच्या भागांतील दोन-तीन बागाईतदारांनीं मला हाच प्रश्न केला, आणि त्याचें उत्तर 'होय' किंवा 'नाहीं' अशा एका शब्दांत देतां येईना, म्हणून हा लेख लिहिण्याचें योजिलें.

थोडक्यांत सांगावयाचें तें असें कीं, पट्टा हा यंत्राचें वजन पसरून टाकतो. तें नाहींसें करीत नाहीं. किंबहुना सारख्याच ताकदीचीं दोन यंत्रें घेतलीं, एक चाकांचें व दुसरें पट्ट्यांचें, तर पट्ट्यांचें यंत्रच वजनानें अधिक भरतें. मग पट्ट्यापासून लाभ कोणता, आणि तो कोठें संपतो, हें समजून घेण्यापूर्वीं यंत्राची थोडी पूर्वपीठिका सांगणें अवश्य आहे.

या यंत्राचा जन्म बांधकामावर झाला नसून तो शेतकऱ्याच्या खुराड्यांत झाला. अमेरिकेंतील मिनेसोटा या संस्थानांत रॉथसे नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें लुई व सिरिल केलर या दोघां भावांचें लोहारकामाचें व वेल्डिंगचें दुकान होतें. जवळच एडी व्हेलो नांवाचा एक शेतकरी टर्की पाळीत असे. टर्की हा कोंबडीच्याच जातीचा, पण तिच्याहून कितीतरी मोठा असा पक्षी होय. व्हेलो याचीं खुराडीं दुमजली होतीं. वरच्या मजल्यावरची घाण काढण्यासाठीं ट्रॅक्टर चढवावा तर खालची तक्तपोशी मोडणार, आणि मधले खांब इतके जवळ कीं, नेहमींच्या यंत्रास वळण्यापुरतीहि जागा नाहीं. माणसें लावून फावड्यानें काम उरकावें तर मजुरी परवडेना. हें गाऱ्हाणें त्यानें केलर बंधूंच्या कानीं घातलें, आणि १९५७ सालच्या फेब्रुवारींत त्यांनीं त्यास एक तीन चाकी यंत्र बनवून दिलें. पुढचीं दोन चाकें इंजिनानें फिरत. मागचें एक चाक खुर्चीच्या चाकाप्रमाणें वाटेल तिकडे वळत असे. यंत्र वजनाला हलकें होतें आणि आपल्या अंगाच्या लांबीएवढ्या जागेंत तें गिरकी घेई. पुढील वर्षीं, म्हणजे १९५८ सालीं, नॉर्थ डकोटा संस्थानांतील ग्विनर या गांवच्या मेलरो नांवाच्या शेतीचीं अवजारें करणाऱ्या कारखान्यानें त्याचे हक्क घेतले. १९६० सालीं मागच्या एका चाकाच्या जागीं दोन चाकें आलीं व चारहि चाकांना ताकद मिळाली. १९६२ सालीं त्यास 'बॉबकॅट' हें नांव पडलें. बॉबकॅट हें तिकडच्या एका चपळ रानमांजराचें नांव आहे. आपल्या शहरांतील ठेकेदार आजहि या जातीच्या कोणत्याहि यंत्रास बॉबकॅट म्हणतात, तें यावरूनच. २०२३ सालीं दोघां केलर बंधूंचीं नांवें अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक-गौरवमालिकेंत दाखल करण्यांत आलीं; तोंपर्यंत दोघेहि दिवंगत झाले होते.

पट्ट्याची हकीकत याहून जुनी आहे, आणि तीहि शेतीचीच, व ओल्या जमिनीचीच आहे. कॅलिफोर्नियांत स्टॉकटन शहराजवळ नद्यांच्या मुखाशीं कुजलेल्या वनस्पतींची बनलेली फार मऊ जमीन आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथें वाफेच्या इंजिनांनीं नांगरट चाले, आणि तीं अवजड इंजिनें चाकांसह रुतून बसत. बेंजामिन होल्ट नांवाच्या कारखानदारानें उपाय म्हणून चाकें रुंद केलीं; पुरें पडेना म्हणून आणखी चाकें जोडलीं; असें करतां करतां एका यंत्राची रुंदी ४६ फुटांवर गेली. एवढें धूड वळवावयाचें कोठें? शेवटीं त्यानें मागचीं चाकें काढून तेथें फळ्या जडविलेल्या साखळीचे फिरते पट्टे बसविले, आणि ता. २४ नोव्हेंबर १९०४ रोजीं रॉबर्ट्स बेटावरील शेतांत त्याची परीक्षा घेतली. यंत्र रुतलें नाहीं. पुढें लोखंडी पट्टे आले, त्यांचे रणगाडे झाले, बुलडोझर झाले. पण लोखंडी पट्टा रस्ता फोडतो, खडखडाट करतो आणि हिरवळीची सालपटें काढतो. रबराच्या पट्ट्याची युक्ति १९६० नंतरच्या दशकाच्या शेवटाकडे जपानांत पुढें आली, आणि ती प्रथम भातकापणीच्या यंत्रांसाठीं. आपल्या भातपट्टींत कापणीच्या दिवसांत जे 'चेन हार्वेस्टर' येतात, त्यांचे पट्टे याच वंशाचे होत. १९८६ सालीं जपानांतील ताकेउचि या कंपनीनें तसेच पट्टे लोडरास बसवून तो बाजारांत आणला. १९९० सालीं मिनेसोटांतीलच एएसव्ही या कारखान्यानें दुसरा एक नमुना काढला. या कारखान्याचा एक संस्थापक एडगर हेटीन हा मूळचा बर्फावरून चालणाऱ्या गाड्या बनविणारा. बर्फावर जो न्याय, तोच चिखलावर, असा हिशेब त्यानें केला असावा.

आतां यंत्राच्या रचनेकडे वळूं. इंजिन पाठीमागें असतें, व पुढच्या बकेटेंतील ओझ्याला तें उलट पारडें म्हणून उपयोगीं पडतें. इंजिन चाकांना किंवा पट्ट्यांना थेट फिरवीत नाहीं. तें तेलाचे पंप फिरवितें. दाबाखालचें तेल नळ्यांतून दोन्ही अंगांच्या तेलमोटारींकडे जातें, आणि डावी मोटार डावा पट्टा व उजवी मोटार उजवा पट्टा चालविते. यास सुकाणू नाहीं. एक पट्टा वेगानें व दुसरा हळू चालविला कीं यंत्र वळतें. एक पुढें व एक मागें चालविला तर जागच्या जागीं गरगर फिरतें. हें वळणें चाकाच्या वळण्याहून अगदीं निराळें आहे. येथें चाक किंवा पट्टा जमिनीवरून आडवा फरफटत जातो, ही गोष्ट ध्यानांत असूं द्यावी. तिचें काम पुढें पडणार आहे. रबरी पट्टा वरून दिसण्यांत साधा असला तरी त्याच्या पोटांत लांबीच्या बाजूनें पोलादी तारा आणि रुंदीच्या बाजूनें पोलादाचे तुकडे पुरलेले असतात. दांत्यांचें चाक या तुकड्यांना पकडून पट्टा ओढतें, आणि खालच्या अंगाचे रोलर यंत्राचें वजन पट्ट्यावर टेकवितात. कांहीं कारखाने पोलादाच्या तुकड्यांऐवजीं नुसते रबरी दांतेच ठेवितात.

साधारण मध्यम आकाराचें असें यंत्र साडेतीन ते साडेपांच टन वजनाचें व ६० ते ११० अश्वशक्तींचें असतें. बकेट काढून त्या जागीं खड्डे पाडण्याचा गिरमीट, चर खणण्याची साखळी, काटेरी पंजा, झुडपें दळून टाकणारें यंत्र, इत्यादि जोडकामें लावतां येतात. या एका गुणामुळेंच तिकडील बागकाम करणाऱ्या ठेकेदारांनीं तें उचलून धरलें, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्या देशांत पट्ट्यांचीं यंत्रें चाकांच्या यंत्रांहून अधिक खपूं लागलीं. त्यांचें कारण उघड आहे. तेथें घरें बांधतांना पाऊस पडला तर चाकांचें यंत्र दोन-दोन दिवस उभें राहतें, व मजुरांचा रोज तर चालू असतो. पट्ट्याचें यंत्र दुसऱ्या सकाळीं कामास लागतें. म्हणजे ठेकेदार तेथें जें विकत घेतो, तें कामाचे दिवस होत. जमिनीचें पुढें काय होतें याची चिंता त्याला नसते. त्याच्या जमिनीवर पुढें फरशी किंवा फार तर हिरवळ यावयाची असते. आपल्या जमिनींत आपणांस पुढील हंगामीं पेरावयाचें असतें.

दाबाचा हिशेब मांडून पाहूं. समजा, यंत्राचें वजन ४,००० किलो आहे; पट्टा ४० सेंटिमीटर रुंद, आणि जमिनीला टेकणारा त्याचा भाग १५० सेंटिमीटर लांब आहे. असे दोन पट्टे मिळून १२,००० चौरस सेंटिमीटर जागा होते. भागाकार केला असतां दर चौरस सेंटिमीटरवर किलोचा तिसरा हिस्सा भार येतो. त्याच ताकदीचें चाकांचें यंत्र ३,२०० किलो धरलें, आणि चार टायरांची मिळून टेकणारी जागा १,५०० चौरस सेंटिमीटर धरली, तर भार दोन किलोंच्या वर जातो; म्हणजे सहापटीहून अधिक. आतां आपल्या गोठ्यांतला ४०० किलोंचा बैल घ्या. एकेक खूर सुमारें ९० चौरस सेंटिमीटर धरला, तर उभा असतांना त्याचा भार एक किलोच्या वर येतो, आणि चालतांना सगळे खूर एकदम टेकलेले नसतात म्हणून तो आणखी वाढतो. तेव्हां चार टनांचें यंत्र बैलाहून हलक्या पावलानें चालतें, हें म्हणणें हिशेबानें खोटें ठरत नाहीं. चिखलांत बैल गुडघ्याएवढा फसतो व यंत्र वरून निघून जातें, तें याच कारणानें.

परंतु या हिशेबाला दोन पुरवण्या जोडल्या पाहिजेत. पहिली अशी कीं, आपण जो भागाकार केला तो यंत्र रिकामें व सपाटीवर उभें आहे असें धरून केला. बकेटेंत ओझें आलें कीं वजन पुढें झुकतें, आणि पट्ट्याचा पुढचा हातभर भागच बहुतेक भार उचलतो. शिवाय पट्टा मऊ असल्यामुळें प्रत्येक रोलरच्या खालीं दाब अधिक व दोन रोलरांच्या मधें कमी, अशी स्थिति असते. माहितीपत्रकांत छापलेला आंकडा सरासरीचा असतो. जमिनीला सरासरी भोगावी लागत नाहीं.

दुसरी पुरवणी याहून महत्त्वाची आहे. जमिनीच्या वरच्या वीतभर थरावर किती दाब पडतो हें पट्ट्याच्या रुंदीवर अवलंबून असतें. पण हातभर खोलीवर किती दाब पोहोंचतो हें मुख्यतः एकंदर वजनावर ठरतें. दाब खालीं जातांना कांद्याच्या पाकळीसारखा पसरत जातो, आणि ओझें जितकें थोर तितका तो खोल शिरतो. बैलाचा खूर वरची माती तुडवितो. ती तुडवण पुढच्या नांगरटींत मोकळी होते. चार टनांचें यंत्र वरती फारशी खूण ठेवीत नाहीं, पण ओल असतांना तेंच ओझें नांगराच्या फाळाखालीं जाऊन बसतें. तेथें घट्ट झालेला थर डोळ्यांस दिसत नाहीं. पिकाचीं मुळें त्या थरावरून आडवीं पळतात, पावसाचें पाणी वर तुंबतें, आणि शेतकरी वर्ष-दोन वर्षें खतांत व बियाण्यांत दोष शोधीत बसतो. आपली काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते व त्यायोगें थोडीफार आपली आपण मोकळी होते हें खरें. तथापि खोल थरास हा दिलासा उशिरा पोहोंचतो, आणि बारमाही पाण्याखालीं असलेल्या बागाईत जमिनीस तर भेगाळण्याची संधीच मिळत नाहीं.

त्यांत फरफटण्याची गोष्ट आली. यंत्र जागच्या जागीं फिरलें कीं पट्टा ओल्या मातीस आडवा घासतो. काळी माती अशा वेळीं लोण्यासारखी चोपडी होते, तिचीं बारीक छिद्रें बुजून जातात, आणि वाळल्यावर तेथें खापरीसारखा पापुद्रा धरतो. ज्या ठिकाणीं यंत्रानें गिरक्या घेतल्या तेथें पुढील पिकांत टक्कल पडलेलें दिसेल. म्हणून चालकास सांगावें कीं, वळतांना मोटारीप्रमाणें पुढें-मागें करून मोठ्या वळणानें वळावें. एक पट्टा थांबवून दुसऱ्यावर गिरकी घेऊं नये. त्यांत अर्धें मिनिट अधिक जातें, एवढेंच.

जमीन यंत्रास योग्य आहे कीं नाहीं हें वरून पाहून समजत नाहीं. वरचा पापुद्रा वाळलेला असतो व खालीं ओल असते. वीतभर खोल कुदळ मारून तेथील मूठभर माती घ्यावी, आणि दोन तळव्यांत तिची समईच्या वातीसारखी वात वळून पाहावी. वात पेन्सिलीहून बारीक होईपर्यंत न तुटतां वळली, तर तेथें कोणतेंहि जड यंत्र, रबरी पट्ट्यांचें असलें तरी, घालूं नये. वळतां वळतां वातीचे तुकडे पडले तर कामास हरकत नाहीं. ही परीक्षा चिकणमातीसाठीं आहे. वाळूसर जमिनीची वात वळतच नाहीं, आणि तिला भीतीहि कमी.

यावरून एक चमत्कारिक स्थिति निघते. रबरी पट्ट्याचा सारा मोठेपणा ओल्या जमिनींत. आपल्याकडे मातीचीं बहुतेक कामें, जसें सपाटीकरण, बांधबंदिस्ती, शेततळीं, हीं माघापासून वैशाख-ज्येष्ठापर्यंत चालतात, आणि तेव्हां जमीन दगडासारखी असते. २०१७ सालीं महाराष्ट्र सरकारनें सुरू केलेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या योजनेंतला गाळहि तळीं आटल्यावरच निघतो. अशा कोरड्या, कठीण जमिनीवर चाकांचें यंत्र तेंच काम कमी खर्चांत करतें, आणि पट्टा मात्र झिजतो. उलट ज्या महिन्यांत पट्ट्याचा उपयोग, त्या महिन्यांत पिकाच्या जमिनींत यंत्र घालणेंच इष्ट नाहीं. तर मग तें घ्यावें कोठें? माझ्या मतें पीक नसलेल्या पण ओल्या राहणाऱ्या जागीं. भर पावसाळ्यांत मोठ्या गोठ्याच्या आवारांतील शेणचिखल काढणें, कोंबड्यांच्या शेडमधील खत भरणें, तळ्याकांठची दलदल साफ करणें, नदीकांठच्या भुसभुशीत वाळूंत भराव टाकणें, फळबागेंत उताराच्या बाजूनें खड्डे घेणें, हीं त्याचीं कामें. व्हेलो याच्या खुराड्यांत ज्यासाठीं तें जन्मलें, त्या कामांत तें आजहि सर्वांत सरस आहे. भाताच्या खाचरांची डागडुजी हें एक मधलें काम म्हणतां येईल. तेथें खालचा थर घट्ट असणें पाणी धरण्यास उपयोगीच पडतें, त्यामुळें जी गोष्ट कापसाला बाधक ती भाताला तितकी बाधक नाहीं. कोंकणांतील जांभ्या कातळावर मात्र हा पट्टा नेणें म्हणजे जोडा कानशीवर घासण्यासारखें आहे.

झिजण्याचा खर्च पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. रबरी पट्टा साधारणपणें हजार ते दीड हजार तास टिकतो. कामाची जागा वाईट असेल तर त्याहून कितीतरी लवकर जातो. टायर फाटला तर गांवांतला पंक्चरवाला ठिगळ लावतो. पट्टा तुटला तर तो सबंध बदलावा लागतो, जोडीनें बदलला तर बरें, आणि त्याची किंमत टायरांच्या कितीतरी पट असते. अमेरिकेंत मध्यम आकाराच्या नव्या यंत्रास ५० हजार ते १ लाख डॉलर पडतात, यावरून त्याच्या सुट्या भागांचीहि कल्पना यावी. वर्षाकांठीं शंभर-दीडशें तासांचें काम असलेल्या एकट्या शेतकऱ्यानें कर्ज काढून असलें यंत्र घेणें मला पसंत नाहीं. घेणारा गोठेवाला किंवा ठेकेदार असेल व रोजचें काम असेल, तर गोष्ट वेगळी. आणि दोन यंत्रांची तुलना करतांना माहितीपत्रकांतील उचलण्याच्या आंकड्यानें फसूं नये. यंत्र पुढें कलंडेल एवढें जें ओझें, त्याच्या निम्मा आंकडा चाकांच्या यंत्रास लावितात, आणि पट्ट्यांच्या यंत्रास शेंकडा ३५ च लावितात. म्हणजे २,८०० किलोंवर कलंडणाऱ्या दोन यंत्रांपैकीं एकावर १,४०० व दुसऱ्यावर ९८० असें छापलेलें असेल. दोघांची ताकद एकच आहे. मापण्याची रीत निराळी.

पट्ट्याची निगा कठीण नाहीं, पण ती रोज केली पाहिजे. दिवस संपल्यावर रोलर व दांत्यांचें चाक यांमधील चिखल ओला असतांनाच खरवडून काढावा. काळी माती रात्रींत विटेसारखी घट्ट होते, व सकाळीं तसेंच यंत्र चालविलें तर रोलर फिरत नाहींत, पट्टा त्यांवरून घासत जातो. पट्ट्याचा ताण पुस्तकांत सांगितल्याप्रमाणें ठेवावा. फार ताणला तर आंतील तारा व बेअरिंगें जातात. ढिला राहिला तर वळणावर चाकावरून उतरतो, आणि भर चिखलांत तो पुन्हां चढवितांना चार माणसांचा घाम निघतो. ताण देण्यासाठीं एका नळकांड्यांत ग्रीस भरतात. तें ग्रीस फार मोठ्या दाबाखालीं असतें. ढिलें करतांना झडप एकदम उघडूं नये व तोंड किंवा हात तिच्या समोर धरूं नये. सुईसारखी निघालेली ग्रीसची धार कातडीच्या आंत शिरते, आणि अशी जखम वरून क्षुल्लक दिसली तरी त्याच घटकेस इस्पितळांत गेलें पाहिजे. डिझेल, तेल व रासायनिक खतें हीं रबराचीं व त्यांतील पोलादाचीं शत्रु होत. खताच्या गोदामांत काम केल्यास पट्टे पाण्यानें धुऊन काढावे.

चालकाच्या जिवाबद्दल दोन शब्द अधिक लिहितों, कारण हें यंत्र लहान दिसतें म्हणून लोक त्यास बेफिकीरपणें हाताळतात. बहुतेक नमुन्यांत चालक पुढून, बकेटेवर पाय देऊन, आंत शिरतो, आणि बकेट उचलणारे दोन्ही बाहू त्याच्या दोहों बाजूंनीं, अगदीं खांद्याजवळून वर-खालीं होतात. बकेट वर असतांना चालकानें बाहेर डोकावलें, किंवा कोणी तिच्याखालून आंत हात घातला, आणि बाहू खालीं आले, असे मृत्यु परदेशांत पुष्कळ घडलेले आहेत. यासाठींच आसनावर एक आडवा दांडा असतो. तो खालीं घेतल्यावांचून बाहू हालत नाहींत. कित्येक चालक घाई होते म्हणून ही व्यवस्था तारा जोडून बंद पाडतात. असें केलेलें यंत्र आपल्या शेतांत येऊं देऊं नये. बकेट वर ठेवून दुरुस्ती करावयाची झाल्यास बाहूंना लोखंडी अडसर लाविलाच पाहिजे. चढावर जातांना जड बाजू चढाकडे ठेवावी: बकेट भरलेली असेल तर तोंड वर करून चढावें, रिकामी असेल तर इंजिनाची बाजू जड म्हणून पाठमोरें चढावें. मागचें दिसत नाहीं, सबब पोरेंबाळें व जनावरें त्या आवारांत नसावींत.

भाड्यानें यंत्र बोलावतांना दर तासावर ठरतो, पण तास कोठून मोजावयाचा हें बहुधा ठरत नाहीं. यंत्रावर तासांचें घड्याळ असतें. काम सुरू होतांना व संपतांना त्यावरील आंकडे दोघांसमक्ष लिहून घ्यावे. पट्ट्याचें यंत्र डांबरी रस्त्यानें लांब चालवीत नाहींत, तें गाडीवर चढवून आणतात, आणि त्या वाहतुकीचा आकार लहान कामास फार भारी पडतो. शिवारांतील चार-पांच जणांनीं एकाच आठवड्यांत कामें लावलीं तर तो विभागला जातो. शेतांत आल्यावर यंत्राची ये-जा करण्याची एक वाट फळीनें किंवा चुन्यानें आंखून द्यावी. जमीन घट्ट होण्याचें बहुतेक काम पहिल्याच फेरींत होऊन जातें. त्याच चाकोरींतून पुढच्या वीस फेऱ्या झाल्या तर नुकसान तेवढ्याच पट्टींत राहतें, आणि ती पट्टी पुढें कोरडेपणीं खोल नांगरून काढतां येते. चालकास मोकळें सोडलें तर तो सबंध शेत तुडवितो.

महसूल खात्यांत अव्वल कारकून म्हणून काम करीत असतां माझ्यासमोर जीं बांधाचीं भांडणें आलीं, त्यांतील बरींच यंत्र येऊन गेल्यानंतरचीं होतीं. पूर्वीं बांध कोरावयास दोन पिढ्या लागत, आतां सकाळचा एक तास पुरतो, आणि हद्दीचा दगड बकेटेंत मातीबरोबर केव्हां गेला हें चालकास कळतहि नाहीं. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणें हद्दीच्या निशाण्या सांभाळण्याची जबाबदारी जमीनधारकावर आहे. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीं शेजाऱ्यास बोलावून दोघांनीं मिळून दगड पाहावे, त्यांभोवतीं चुना टाकावा, आणि दोन हात अलीकडेच यंत्र थांबवावें. मुरूम किंवा माती शेताबाहेर नेण्याचा विचार असेल तर आधीं तहसील कचेरींतून परवानगी घेऊन स्वामित्वधन भरावें. वाटेंत गाडी धरली गेली तर दंड यंत्राच्या भाड्याहून कितीतरी अधिक होतो. इतकें करूनहि दगड हालला, तर तो आपण होऊन अंदाजानें पुन्हां रोवूं नये. शेजाऱ्यास त्याच दिवशीं सांगावें, आणि तालुक्याच्या भूमि अभिलेख कचेरींत मोजणीचा अर्ज द्यावा.